मदत हवी आहे: कामाचे दिवे ट्रायपॉडवर टिकत नाहीत, बॅटरी आठ वाजताच संपते

माळवद

कोरेगाव तालुक्यात घराचं बांधकाम चालू आहे. गिलावा झालाय, आता आतून पुट्टी चालू आहे. मीटर अजून बसलेलं नाही. उन्हामुळे रंगारी दुपारी थांबतात आणि संध्याकाळी ५ ते १० काम करतात, त्यामुळे सगळी मदार बॅटरीच्या दिव्यांवर आहे. खोल्या साधारण १२ × १२ फूट.

सामान असं आहे: १८ व्होल्टच्या टूल बॅटरीवर चालणारे दोन एलईडी दिवे. प्रत्येकी २००० ल्युमेन, उजेडाच्या दोन पायऱ्या (पूर्ण २० वॉट, कमी ८ वॉट). ४ अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या, त्यातली एक चार्जच घेत नाही. चार्जर एकच, २ अँपिअरचा. कॅमेऱ्याचा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड आहे. दिवा बॅटरीसकट १ किलो ७०० ग्रॅम भरतो.

अडचणी:

१. दिव्याच्या बुडाला आट्यांचं भोक आहे, पण ट्रायपॉडचा स्क्रू त्यात नुसता गरगर फिरतो. सध्या केबल टायने बांधलाय. अर्ध्या तासात मान टाकतो.

२. दिवे आठ-सव्वाआठला विझतात. बॅटऱ्या घरी चार्ज होतात: रात्री एक, सकाळी एक. साडेआठला सामान साइटवर जातं.

३. भाऊ जूनमध्ये न्यू जर्सीहून येतोय. तिकडून दोन बॅटऱ्या आणि मोठा चार्जर मागवू का?

ओळंबा

आधी भोकाचं माप द्या. व्हर्निअर आतून लावून आट्यांच्या माथ्यावर किती मिमी भरतं ते पाहा. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची, म्हणजे दोन सूत असतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), इंचाला २० आटे. तेवढ्यासाठीचं भोक आतून साधारण ५ मिमी भरतं. तुमचं बरंच मोठं असणार.

माळवद

साडेतेरा मिमी. खोली १४ मिमी, आटे धातूचेच आहेत.

ओळंबा

मग ते पाच सूत, इंचाला ११ आटे. सर्व्हेवाल्यांच्या ऑटो लेव्हलच्या (पातळी मोजायच्या दुर्बिणीच्या) स्टँडवर जो जाड स्क्रू असतो तोच. याचा सरळ फायदा असा की कॉन्ट्रॅक्टरकडे लेव्हलचं स्टँड असेल तर दिवा त्यावर एकही जोडणी न करता बसतो. ते स्टँड कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडपेक्षा कितीतरी दणकट असतं.

एक चूक हमखास होते, ती टाळा. हार्डवेअरच्या दुकानात हे भोक दाखवलं की १६ मिमीचा बोल्ट हातात देतात. जाडी जवळजवळ तीच (पाच सूत म्हणजे १५.८८ मिमी), पण १६ मिमीच्या बोल्टला दोन आट्यांमधलं अंतर २ मिमी असतं आणि तुमच्या भोकात २.३१ मिमी. एक-दोन फेरे छान जातो, मग अडकतो. तिथे पाना लावलात तर दिव्याचे आटे मेले म्हणून समजा. ‘पाच सुती, इंची आट्याचा’ असं स्पष्ट सांगून घ्या. जुन्या वुइटवर्थ मापाच्या पाच सुती बोल्टलाही इंचाला ११ आटेच असतात. आट्याचा कोन थोडा वेगळा आहे (५५ अंश, तुमच्या भोकात ६०), पण पावणेदोन किलोच्या दिव्याला तो चालतो. हाताने पूर्ण आत गेला पाहिजे, एवढीच परीक्षा.

भोकाची खोली १४ मिमी आहे, तर बोल्ट १२ मिमीपेक्षा जास्त आत जाऊ देऊ नका. टोक तळाला टेकलं की वरून घट्ट वाटतं, पण पकड काहीच नसते. उरलेली लांबी वायसरांनी भरा आणि त्यात एक स्प्रिंग वायसर असू द्या.

कॅमेऱ्याचा ट्रायपॉडच वापरायचा असेल तर दोन सुतावरून पाच सुतावर नेणारा पितळी जोड सर्व्हे साहित्याच्या दुकानात मिळतो. मात्र दिवा मान टाकतो त्याचं दुसरं कारण ट्रायपॉडचं डोकं आहे. प्लॅस्टिकचं, दांडा फिरवून घट्ट करायचं डोकं अर्धा-पाऊण किलोच्या कॅमेऱ्यासाठी केलेलं असतं. ते काढता येत असेल तर काढा. खाली बहुतेक वेळा तीन सुती स्क्रू (इंचाला १६ आटे) निघतो, मग जोड तीन सुतावरून पाच सुतावर नेणारा घ्या आणि थेट त्यावर बसवा. दिव्याला स्वतःची वाकणारी कमान आहे ना? मग झोत त्या कमानीनेच वरखाली करा, ट्रायपॉडच्या डोक्याची गरजच नाही.

थापी

लेव्हलच्या स्टँडबद्दल एक महत्त्वाचं. त्याचे पाय टोकदार असतात, मातीत रोवायला. नुसत्या कोब्यावर ते हळूहळू पसरतात आणि टाइल्सवर तर सर्रकन घसरतात. तिन्ही पायांना खालून एक वीतभर वर दोरीचा त्रिकोण बांधा, तिन्ही बाजू सारख्या, साधारण ८० सेंमी. किंवा प्लायच्या तुकड्याला खळगे पाडून पाय त्यात ठेवा.

वजन खाली लटकवा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात सहा-सात किलो वाळू भरून मधोमध अशा उंचीवर बांधा की पोतं जमिनीला जेमतेम टेकेल. अधांतरी राहिलं तर धक्का लागल्यावर झोके घेतं आणि स्टँडच पाडतं. दिवा ज्या बाजूला वाकलेला असेल, त्या बाजूला एक पाय आलाच पाहिजे. दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेवर वजन झुकलं की घोड्यावरून (उंच स्टुलावरून) उतरणाऱ्या रंगाऱ्याचा साधा धक्का पुरतो.

उंची वाढवताना आधी जाड नळ्या बाहेर काढा, बारीक नळ्या नंतर. मधला दांडा असेल तर तो सगळ्यात शेवटी आणि शक्यतो नाहीच. पुट्टीची धूळ पायांच्या कुलपात शिरली की ती घसरायला लागतात. कोरड्या फडक्याने पुसा. तेल लावू नका, तेलात धूळ बसून त्याचा लगदा होतो.

रोधक

आता बॅटरी. काही मागवण्याआधी हिशोब करा.

४ अँपिअर-अवर गुणिले १८ व्होल्ट म्हणजे ७२ वॉट-अवर. वापरता येणारे ८५ टक्के धरले तर ६१. वीस वॉटवर एक दिवा एका बॅटरीवर साधारण तीन तास. दोन दिवे पाच तास लावायचे म्हणजे ‘दहा दिवा-तास’ हवेत. तीन चांगल्या बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या असल्या तरी नऊच मिळतात.

पण तुमचे दिवे आठलाच विझतात, म्हणजे सहाच दिवा-तास मिळताहेत, म्हणजे रोज दोनच बॅटऱ्या भरून जाताहेत. कारण तुम्हीच लिहिलंय: रात्री एक, सकाळी एक. २ अँपिअरच्या चार्जरला ४ अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी भरायला अडीच तास लागतात (शेवटच्या टप्प्यात करंट कमी होतो, म्हणून दोन तासांत होत नाही). तिसरीला वेळच उरत नाही. तुमच्याकडे बॅटरीपेक्षा चार्जरचे तास कमी पडताहेत. तसाच दुसरा २ अँपिअरचा चार्जर घेतलात तर रात्री दोन, सकाळी एक, असं सहज जमतं.

करणी

रोधक यांचा हिशोब बरोबर आहे, पण दिवे पूर्ण उजेडावर का लावले आहेत, हा माझा प्रश्न. खोलीच्या मध्यभागी, डोक्याएवढ्या उंचीवर, समोर भिंतीकडे तोंड करून?

माळवद

हो, तसंच. तरी सकाळी उन्हात पाहिलं की भिंतीवर पत्र्याच्या (पुट्टी ओढायच्या पातीच्या) रेघा आणि खड्डे दिसतात.

करणी

तीच तर गोम आहे. समोरून पडणारा उजेड सावली पडू देत नाही, आणि पुट्टीतला खड्डा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. २००० काय, ५००० ल्युमेन समोरून मारले तरी भिंत सपाटच दिसणार.

तपासायला दिवा भिंतीच्या शेजारी ठेवा. भिंतीपासून ३० सेंमी, झोत भिंतीला जवळजवळ समांतर, दहा-पंधरा अंशांत. आधी आडवा, मग खालून वर, असा दोनदा. खिडकीच्या बाजूने दिवा ठेवलात तर सर्वांत चांगलं, कारण घर वापरात आल्यावर दिवसाचा उजेड त्याच बाजूने भिंतीवर सरकणार आहे. इतक्या जवळून ८ वॉटची पायरी भरपूर होते. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. मध्यभागापासून भिंत सहा फुटांवर आहे, तुम्ही दिवा एक-दोन फुटांवर आणताय.

यासाठी स्टँडही लागत नाही. २० किलोच्या पुट्टीची रिकामी बादली पालथी घाला, त्यावर दिवा ठेवा. पडायचा प्रश्नच मिटला.

दुसरा दिवा स्टँडवर, सव्वा ते दीड मीटर उंचीवर, तोंड स्लॅबकडे. स्लॅबला प्रायमर किंवा पुट्टीचा पहिला हात झालेला असेल तर पांढऱ्या छतावरून परतलेला उजेड सगळीकडे सारखा पडतो, डोळ्यांत जात नाही आणि काम करणाऱ्याची स्वतःची सावली भिंतीवर येत नाही. छत अजून काळं-करडं असेल तर मात्र हा दिवा पूर्ण उजेडावर लागेल.

एक सावधगिरीची सूचना. अगदी भिंतीला चिकटून दिवा लावला तर केसाएवढी रेघही डोंगर दिसते आणि रंगारी रात्रभर पॉलिश पेपर मारत बसतो. पहिल्या हातानंतर खड्डे शोधायला दहा अंश ठीक. शेवटच्या हाताला दिवा ६०-७० सेंमी लांब घ्या. जिथे पुढे छताच्या कडेने पट्टीचे दिवे लागणार आहेत ती भिंत तेवढी कडक तपासा.

रोधक

आणि आता माझाच हिशोब बदलतो. ८ वॉटवर एक बॅटरी साडेसात तास जाते. दोन दिवे, दोन बॅटऱ्या, पाचपासून दहापर्यंत, वर शिल्लकच. एक दिवा पूर्ण उजेडावर ठेवावा लागला तरी तिसरी बॅटरी पुरते. दुसरा चार्जर घ्या, बाकी काही मागवू नका.

न्यू जर्सीचा चार्जर तर नकोच. तिकडचे बरेच टूल चार्जर फक्त १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टवर लावला की जातो. मागच्या लेबलवर इनपुट १००-२४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तरच आणायचा. बॅटरी मात्र चालते. तिथे ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेली आणि इथे ‘१८ व्होल्ट’ लिहिलेली, दोन्हींत पाच-पाच सेलच असतात. पूर्ण भरल्यावर ४.२ × ५ = २१ व्होल्ट, सरासरी ३.६ × ५ = १८. फक्त त्याच कंपनीची आणि त्याच खाचेची हवी. विमानात सुटी बॅटरी हातातल्या सामानातच, टोकांवर टेप लावून. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, म्हणजे ५ अँपिअर-अवरची (९०) चालते. ६ ची १०८ भरते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते.

चार्ज न घेणारी बॅटरी: मल्टिमीटर अधिक-उण्यावर लावा. १५ व्होल्टच्या आसपास असेल तर नुसती रिकामी आहे. टोकांवरची सिमेंटची धूळ कोरड्या ब्रशने काढून पुन्हा लावून पाहा. चार्जरचा दिवा लुकलुकत असेल तर ती कदाचित तापलेली असेल, सावलीत अर्धा-पाऊण तास ठेवा. ४० अंशांच्या वर बहुतेक चार्जर भरायलाच नकार देतात, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तेवढं सहज होतं. पण रीडिंग १२.५ व्होल्टच्या खाली असेल, म्हणजे सेलमागे अडीचपेक्षा कमी, तर ती सोडून द्या.

माळवद

९.८ दाखवतंय. मिस्त्री म्हणतो, चांगल्या बॅटरीला वायर जोडून ‘धक्का’ दिला की जागी होते.

रोधक

कृपा करून ते करू देऊ नका. इतक्या खाली गेलेल्या लिथियम सेलमध्ये आतल्या पत्र्याचं तांबं विरघळलेलं असू शकतं. पुन्हा चार्ज केलं की ते भलत्याच जागी जमतं आणि सेल आतून शॉर्ट होतो. आग त्याच दिवशी लागेल असं नाही, चार आठवड्यांनी रात्री चार्जिंगला लावलेली असतानाही लागू शकते. टोकांना टेप लावा आणि विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा केंद्रात द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

ती इतकी खाली गेली कशी, तर बहुधा दिव्यातच राहिली असेल. दिवा विझल्यावरही आतलं सर्किट किंचित करंट खात राहतं. रात्री काम संपलं की बॅटरी काढून ठेवायची. काम पुढे महिनाभर थांबणार असेल तर साधारण अर्धी भरून ठेवा.

माळवद

दिवा कमी उजेडावर, बादलीवर ठेवून आज पाहतो. शेवटचं: साइटवर ट्रॅक्टर असतो. त्याच्या बॅटरीवर १५० वॉटचा छोटा इन्व्हर्टर लावून एखादी बॅटरी चार्ज केली तर?

रोधक

चालेल. तुमचा २ अँपिअरचा चार्जर इन्व्हर्टरकडून ५० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला साधारण ५ अँपिअर. एक बॅटरी पूर्ण भरायला ट्रॅक्टरच्या बॅटरीतून साधारण १०-१२ अँपिअर-अवर जातात. इंजिन बंद ठेवून दोनपेक्षा जास्त भरू नका, नाहीतर सकाळी ट्रॅक्टरला सेल्फ मारता येणार नाही. सेल्फ मारण्याआधी चार्जरची पिन काढा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखा करंट देणारा) असलेला बरा. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर काही चार्जर गुणगुणतात आणि तापतात. पहिली पंधरा मिनिटं हात लावून पाहा, चटका बसण्याइतका गरम झाला तर बंद करा. आणि चार्जर पुट्टी घासतात त्या खोलीत ठेवू नका. त्याच्या जाळीतून आत गेलेली धूळ बाहेर निघत नाही.