मेट्स: सोटोला शिव्या पुरे, पिचिंगचं बोला

फ्लशिंगकर:
रविवारी एडिसनला एका बारशाला गेलो होतो. आत पाळणा म्हणणं चालू होतं आणि बाहेर पोर्चमध्ये आपल्या न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल टीमवरून वाद पेटला. तिघांचं एकच पालुपद: "एका सोटोवर ७६५ मिलियन डॉलर उधळले, मग बाकीच्यांना काय उरणार?" यजमानांकडे बघून तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

हुआन सोटोचा करार डिसेंबर २०२४ चा, १५ वर्षांचा. पहिल्याच वर्षी त्याने ४३ होमरन मारले, १०५ आरबीआय (आपल्या फटक्यावर टीमला मिळवून दिलेल्या धावा) केले, १२७ वॉक (चार वाईट बॉलवर फुकट मिळणारा बेस) काढले. आणि ज्याला लोक जड पायांचा म्हणायचे, त्याने ३८ बेस चोरले, म्हणजे फटका न लागताच धावून पुढचा बेस गाठला. अजून काय हवं होतं? मॅच संपल्यावर स्टेडियम झाडायचं?

सीझन कुठे फुटला ते तारखेनिशी सांगतो. १२ जून २०२५. त्या दिवसाअखेर आपण ४५ जिंकलेले, २४ हरलेले, अख्ख्या बेसबॉलमध्ये आपल्यापुढे कोणी नाही. पण त्याच मॅचमध्ये आपला पिचर कोडाई सेंगा पहिला बेस कव्हर करायला धावला, थ्रो उंच आला, त्याने उडी मारून तो घेतला, बेसवर पाय टेकवला आणि खाली कोसळला. हॅमस्ट्रिंग. तेव्हा त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावा, कमी तितकं चांगलं) १.४७ होता. त्यानंतरचा आपला रेकॉर्ड ३८-५५.

कारण उघड आहे. स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारे पिचर, पाचव्या इनिंगला दमायचे आणि उरलेल्या चार बुलपेनने, म्हणजे मागून येणाऱ्या रिलीव्हर पिचरनी ओढायच्या. रोज ओढायला लावलं तर बैलसुद्धा बसतो. जुलैअखेर ग्रेगरी सोटो, टायलर रॉजर्स आणि रायन हेल्स्ली असे तीन रिलीव्हर आणले. त्यातला हेल्स्ली सेंट लुइसचा क्लोजर (आघाडी असताना शेवटची इनिंग सांभाळणारा), शंभर मैलांनी टाकणारा. आपल्याकडे त्याचा ईआरए ७.२०! हुआन सोटोला निम्मे पैसे दिले असते तर हेल्स्लीचा स्लायडर (वळणारा बॉल) नीट पडला असता का?

शिव्या द्यायच्या तर पिचिंगच्या नियोजनाला द्या.

पेनस्टेशनचा प्रवासी:
हिशोब अर्धाच मांडलात साहेब.

आयपीएलमध्ये ठरलेली पर्स संपली की विषय संपला. इथे तशी मर्यादा नाही, दंड आहे. २०२५ मध्ये टीमच्या एकूण पगाराची पहिली रेषा २४१ मिलियनला होती, सगळ्यात वरची ३०१ ला. आपण वर्षानुवर्षं रेषेच्या वर, त्यामुळे ३०१ च्या पुढे प्रत्येक डॉलरवर ११० टक्के टॅक्स. म्हणजे १० मिलियनचा एखादा रिलीव्हर घरात येईपर्यंत २१ मिलियनला पडतो. या वरच्या रेषेला लोक आपले मालक स्टीव्ह कोहेन यांच्या नावाने कोहेन टॅक्स म्हणतात, यातच काय ते आलं.

आता सोटोचे वर्षाला ५१ मिलियन या हिशोबात २०३९ पर्यंत ठाण मांडून बसलेत. मालक कितीही श्रीमंत असला तरी कुठेतरी हात आखडतोच. तो कुठे आखडला? पहिल्या बेसवरच्या पीट अलॉन्सोवर. २६४ होमरन, ऑगस्टमध्ये जुन्या डॅरिल स्ट्रॉबेरीला मागे टाकून क्लबचा रेकॉर्ड त्याच्या नावावर, गेल्या वर्षी १२६ आरबीआय. बाल्टिमोरने ५ वर्षांचे १५५ मिलियन देऊन त्याला उचलून नेलं आणि आपण टाटा करत उभे.

फ्लशिंगकर:
अलॉन्सो माझाही लाडका. घरात त्याची जर्सी आहे, बायकोने धुऊन धुऊन त्यावरचं ध्रुवीय अस्वल (त्याचं टोपणनाव 'पोलर बेअर') फिकं केलंय. पण सेंगाला ज्या थ्रोसाठी उडी मारावी लागली, तो थ्रो कुणाचा होता?

पेनस्टेशनचा प्रवासी:
अहो, एका थ्रोवरून माणूस घराबाहेर काढायचा? उद्या म्हणाल, मायामीतही त्याचंच चुकलं. सीझनचा शेवटचा दिवस, पाचवी इनिंग, बेस भरलेले, त्याने बॉल असा फोडला की मी सोफ्यावरून उठलो. थेट लेफ्ट फील्डरच्या ग्लोव्हमध्ये. चार हात इकडेतिकडे गेला असता तर आज हा धागाच निघाला नसता.

फ्लशिंगकर:
ते मान्य. पण वय ३१. पहिल्या बेसवरचा दांडगा बॅटर ३५ व्या वर्षी काय करतो हे आपण पाहिलेलं आहे. टीम बांधणाऱ्या डेव्हिड स्टर्न्सला तेवढी वर्षं द्यायची नव्हती, आणि त्यात तो चुकला असं मला वाटत नाही.

क्वीन्सची सून:
तुमचं ते वय आणि टॅक्स राहू द्या, मला आपला क्लोजर एडविन डियाझबद्दल बोलायचंय.

मागच्या उन्हाळ्यात माझे सासरे, नाना, सांगलीहून आले होते. त्यांना घेऊन मेट्सच्या मैदानावर, सिटी फील्डला गेलो. ७ नंबरची ट्रेन, सगळ्यात वरच्या मजल्याची तिकिटं, पिशवीत धपाटे. सहाव्या इनिंगपासून नानांची चिडचिड सुरू. "हे काय, दर ओव्हरला नवा बोलर? आधीच्याला काय झालं? पाय मुरगळला?" मी समजावतेय की बाहेर गेलेला पिचर परत येऊ शकत नाही. त्यांना ते पटेना. त्यांच्या मते हा कर्णधाराचा नेभळटपणा.

नववी इनिंग आली. एका धावेची आघाडी. दिवे मंदावले, ट्रम्पेट वाजायला लागलं, चाळीस हजार माणसं उभी राहिली. नानांनी धपाटा डब्यात ठेवला, हात पुसले आणि तेही उभे राहिले. "कोण हा?" तिघांना गुंडाळून डियाझ परत गेला तेव्हा नाना कडक टाळ्या वाजवत होते. परतताना ट्रेनमध्ये म्हणाले, "तो तुतारीवाला तेवढा कामाचा." (नाना मत कुणाला देतात ते विचारू नका, घरात वाद नकोत.)

गेल्या सीझनला त्याचा ईआरए १.६३. बुलपेनमध्ये डोळे मिटून भरवसा ठेवावा असा हा एकच माणूस. तो ३ वर्षांच्या ६९ मिलियनला डॉजर्सकडे गेला, आणि आपली ऑफर ६६ ची होती असं बातम्यांत वाचलं. तीन मिलियनची घासाघीस? भाजीवाल्याशीसुद्धा मी एवढी करत नाही.

फ्लशिंगकर:
वहिनी, जवळपास तेवढीच रक्कम दोघांत वाटलीय ना. डेव्हिन विल्यम्सला ३ वर्षांचे ५१, ल्यूक वीव्हरला २ वर्षांचे २२. एकाच्या ऐवजी दोन खांदे.

क्वीन्सची सून:
दोघेही शहरातल्याच दुसऱ्या टीमने, यांकीजनी सोडलेले. विल्यम्सकडून त्यांनी गेल्या वर्षी क्लोजरचं काम काढून घेतलं होतं, ईआरए ४.७९. शेजारणीने नको म्हणून दिलेली पैठणी आपण नेसायची आणि वर मिरवायचंही?

आकडेमोड:
दोन्ही बाजू क्लोजरवरून भांडताहेत म्हणून एक आकडा ठेवतो. २०२५ मध्ये आठ इनिंगनंतर मेट्स मागे असलेल्या मॅच ७०. त्यातल्या जिंकल्या ०.

परत वाचा. सत्तर वेळा मागे होतो आणि एकदाही, चुकूनसुद्धा, नवव्या इनिंगमध्ये मॅच फिरली नाही. सोटो, लिंडोर, अलॉन्सो, निमो हे सगळे लाइनअपमध्ये असताना. सोटोचे आकडे मोठे आहेत हे खरं, पण सगळा दोष बुलपेनवर ढकलायचा तर हे शून्य कुठे ठेवायचं? डियाझ यायचा तो आपण पुढे असताना.

शेवटी ८३-७९. सिनसिनाटी रेड्सही ८३-७९, आणि तेही शेवटच्या दिवशी हरले होते. आपण फक्त मायामीला हरवायचं होतं. हरलो ४-०. आपापसातल्या मॅचमध्ये सरस म्हणून रेड्स प्लेऑफमध्ये गेले. सत्तरातली एक फिरली असती तरी पुरलं असतं.

फ्लशिंगकर:
हे मात्र टोचलं. माझ्याकडे उत्तर नाही. थोडं उत्तर आहे: मागे पडत होतो ते पिचिंगमुळे. पण शून्य म्हणजे शून्यच.

बोरोबाहेरचा:
१ जुलैला कधीच रिटायर झालेल्या बॉबी बोनियाच्या जुन्या कराराचे ११,९३,२४८ डॉलर २० सेंट निघतील. दरवर्षीप्रमाणे. २०३५ पर्यंत. सोटोला नावं ठेवणाऱ्यांनी आधी हे हप्ते फेडा.

सिराक्यूसचा पाहुणा:
कराराच्या गोष्टी चालू द्या, पण पोरांबद्दल कुणीच बोलत नाहीये. मी वरच्या न्यूयॉर्कात राहतो, ट्रिपल-एच्या (मेजर लीगच्या एक पायरी खाली) मॅच बघतो. गर्दी कमी, पिचर इतका जवळ की ग्लोव्हमध्ये बॉल आदळल्याचा आवाज पोटात जाणवतो.

पिचर नोलन मॅक्लीन १६ ऑगस्ट २०२५ ला वर, मेट्समध्ये आला. ८ स्टार्ट, ५-१, ईआरए २.०६. त्याचा स्वीपर (आडवा वळणारा बॉल) प्लेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, बॅटर वाकून बघत राहतो. जोना टाँगची गोष्ट उलटी. पहिल्या स्टार्टला आपल्या बॅटरनी १९ धावा केल्या, सगळे म्हणाले मुलगा नशीबवान. दोन आठवड्यांनी टेक्सासने त्याला पहिली इनिंगही पूर्ण करू दिली नाही. ईआरए ७.७१. लगेच 'फुकट गेला' म्हणणारे सुरू झाले. अहो, तेव्हा तो २२ वर्षांचा होता.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ब्रँडन स्प्रोट आणि जेट विल्यम्स दोघांना मिलवॉकीला देऊन फ्रेडी पेराल्टा आणला. पिचर उत्तमच, गेल्या वर्षी १७ विजय. पण करार फक्त २०२६ पुरता. एका वर्षासाठी दोन पोरं? बियाणं विकून सणाला बुंदी आणली.

पेनस्टेशनचा प्रवासी:
इथे मी फ्लशिंगकरांच्या बाजूने. सहा-सात इनिंग टाकणारा माणूस हवा, हे सगळं रडगाणं तेच आहे ना? पेराल्टाला या वर्षी ८ मिलियन पगार. टॅक्स धरूनसुद्धा या बाजारात हा भाव फुकटात जमा. प्रॉस्पेक्टचं काय, दहांतले दोन चालतात.

सिराक्यूसचा पाहुणा:
आणि ते दोन नेमके आपण विकलेले निघतात.

आकडेमोड:
मला जास्त धाकधूक इनफिल्डची आहे. पहिल्या बेसवर पोलांको, ज्याला तिथला अनुभव नाहीच म्हणा. तिसऱ्यावर बो बिशेट, जो आयुष्यभर शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला). ३ वर्षांचे १२६ मिलियन देऊन माणूस आणायचा आणि त्याला नवी जागा शिकवायची. मॅक्लीनच्या बॉलवर ग्राउंडर (जमिनीवरून जाणारे फटके) भरपूर निघतात, ते उचलणार कोण?

फ्लशिंगकर:
दुसऱ्या बेसवर सेमियन आहे, शॉर्टला लिंडोर. मधला दरवाजा बंद आहे, कोपऱ्यांचं बघू.

पेनस्टेशनचा प्रवासी:
कोपऱ्यातूनच पाणी शिरतं घरात. बिल्डरला विचारा.

क्वीन्सची सून:
नाना मे महिन्यात परत येताहेत. डियाझ गेल्याचं काल फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "नवा जो आणलाय, त्याला वाद्य कुठलं?"