गांडूळखताचा डबा: खान्देशचा उन्हाळा तुम्ही कसा काढता?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो. अशा वेळी पुण्या-मुंबईचे सल्ले पुरत नाहीत, म्हणून हा धागा. डबा कोणता, ठेवला कुठे, गांडुळं कुठली, सविस्तर लिहा.

जळगाव, फ्लॅट: मी प्लॅस्टिकचा डबा घेतलाच नाही. मातीच्या तीन कुंड्यांची उतरंड केली. वरच्या दोघींच्या तळाला भोकं, खालची पाणी झेलते. माती पाझरते, म्हणून बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं की आत गारवा राहतो. प्लॅस्टिक उन्हात आतून उकडतं. आयसेनिया फेटिडा जातीला ३५ च्या पुढची उष्णता सोसत नाही, त्यामुळे मार्च लागला की उतरंड बाल्कनीतून उचलून कूलरच्या खोलीत नेते. माती भरलेली कुंडी जड असते. घेतानाच तिघींना वेगवेगळं उचलता येईल असं बघा.

यावल: आमच्याकडे केळीच्या खोडाला तोटा नाही. बारीक चिरून तळाला घालतो. त्यात पाणीच पाणी, म्हणून थर लवकर सुकत नाही. थर मुठीत दाबला की एक-दोन थेंब निघावेत, धार नको. शेण मात्र मुरलेलंच घाला. ताजं तापतं, गांडुळं कडेला पळतात.

धुळे: सगळे उन्हाळ्याचंच लिहिताय, आमच्या थंडीचं काय? युड्रिलस युजेनी ही गांडुळाची जात भराभर खाते, पण गारठ्यात मंदावते. डिसेंबरात डबा जमिनीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवतो, वर दुहेरी गोणपाट. विकत घेताना जात विचारून घ्या, नुसतं ‘गांडुळं द्या’ म्हणू नका.

नंदुरबार: लाल मुंग्या! स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आणि थर कोरडा पडू दिला नाही, तेव्हा त्या हटल्या. मिरचीची देठं आमच्याकडे ढीगभर, ती या डब्यात नाहीच.

भुसावळ: भरताच्या वांग्यांची भाजलेली सालं चालतात का?

जळगाव, फ्लॅट: सालं चालतात, थोडी थोडी, मातीखाली दाबून. उरलेलं भरीत नको. तेल, मीठ, मिरची तिन्ही त्यांना सोसत नाहीत.

यावल: आणि खत काढायचं झालं की नवं खाणं डब्याच्या एकाच बाजूला घाला. गांडुळं आपोआप तिकडे सरकतात, दुसऱ्या बाजूचं खत हातानं उचलता येतं.