खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा

तिसऱ्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर असलेल्या, ऑफिसातून निघालेल्या डेलच्या ऑप्टिप्लेक्स कॉम्प्युटरमध्ये जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड टाकावं का, असा प्रश्न आलाय. टाका, पण खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून. याच नावाने दोन कार्डं विकली जातात. जीडीडीआर५ मेमरीवालं घ्या. २०१८मध्ये आलेलं डीडीआर४ वालं दिसायला तेच, पण मेमरीचा वेग सेकंदाला ४८ऐवजी जेमतेम १७ जीबी. गेम लावला की लगेच कळतं. दुकानदार "सेमच आहे साहेब" म्हणेल, म्हणू द्या.

कॅबिनेट चपटं असेल तर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्डच बसेल. सोबत मागची छोटी पट्टी आहे ना, तेही बघून घ्या, नाहीतर कार्ड स्क्रूने कसता येत नाही. पॉवर सप्लायची काळजी नको, १०३० जेमतेम ३० वॅट खातं. उभा मोठा टॉवर असेल तर वेगळी पॉवर केबल न लागणारं सेकंडहँड १०५० टीआय बघा, गेमसाठी ते कितीतरी सरस.

एएमडीच्या आरएक्स ६४०० कार्डाच्या नादी मात्र लागू नका. मदरबोर्डाशी डेटाची ये-जा करायला चारच लेन असलेलं कार्ड, जुन्या बोर्डावर अडखळतं. आणि नुसतं यूट्यूब-एक्सेलच करायचं असेल तर हे पैसे एसएसडीत (हार्ड डिस्कऐवजी वापरायच्या वेगवान ड्राइव्हमध्ये) घाला.