घरची बैठक की मांडवातली? अनुभव आणि युक्त्या

डिसेंबर जवळ आला की पुण्यात सवाईच्या (सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या) तिकिटांची चौकशी सुरू होते. त्याच दमात 'घरीच जास्त चांगलं ऐकू येतं' हेही सुरू होतं. दोन्ही खरं, पण कशाच्या बाबतीत? उमाळे नकोत. जागा, मापं, काय बिघडतं आणि का, तेवढं लिहा. हिंदुस्थानी संगीतापुरतंच ठेवू. (खालच्या प्रत्येक मथळ्यात लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खर्जाची तार

घरी सगळ्यात आधी मार खातो तो तंबोरा. जवारी (घोडीवर तार टेकते तिथली ठेवण) नीट लागलेली असली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. 64 केबीपीएसच्या एमपीथ्रीत हे वरचे बारीक स्वरच आधी कापले जातात आणि उरतो नुसता घूंऽऽ. निदान 256 तरी घ्या, फ्लॅक (काही न कापता साठवलेली फाइल) मिळाली तर उत्तमच. गाणं सुरू व्हायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात गंधार कानावर येत नसेल तर पुढचं ऐकण्याआधी फाइल बदला.

नंतर डग्गा. स्पीकर कोपऱ्यात ढकलले की भिंती खर्ज फुगवतात. मग डग्ग्याची घसीट (मनगट सरकवून काढलेला घसरता सूर) ऐकू येतच नाही, प्रत्येक 'घे' एकाच सुरात घुमतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या. दोन स्पीकरांमधलं अंतर आणि तुमचं प्रत्येकापासूनचं अंतर सारखं, साधारण सहा-सात फूट. ट्विटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग) कानाच्या रेषेत हवा, म्हणजे चटईवर बसून ऐकत असाल तर स्टँड बुटके घ्या. टाइल्स आणि काचांच्या हॉलमध्ये महागडा अ‍ॅम्प घेण्याआधी एक सतरंजी आणि जाड पडदे लावून बघा, फरक जास्त पडतो.

शेजाऱ्यांसाठी आवाज अगदी बारीक केला तर डग्गा हरवतो. तो दोष स्पीकरचा नाही. कमी आवाजात खर्जाला आपला कानच कमी दाद देतो. अशा वेळी बेस थोडा चढवणं हे पाप नव्हे.

मधली रांग

मांडवात जितकं पुढे तितकं चांगलं, हा गैरसमज. चेहरा दिसतो, तानेआधीचा श्वास दिसतो, हे खरं. पण मंचाला अगदी खेटून बसलं की मुख्य स्पीकरांचा आवाज डोक्यावरून किंवा बाजूने निघून जातो आणि वाट्याला मंचावरच्या मॉनिटरचा (कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) गढूळ आवाज येतो. साउंडचं टेबल कुठे आहे ते शोधा आणि त्याच्या थोडं पुढे, मध्याजवळ बसा. तोल त्या जागेवरून ऐकून लावलेला असतो. बंद नाट्यगृहात बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगा टाळा. त्यापेक्षा बाल्कनीची पहिली रांग बरी.

आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. 34 मीटर मागे बसलात की मंचाजवळच्या स्पीकरचा स्वर 0.1 सेकंद उशिरा पोचतो. म्हणून मधल्या खांबांवरचे स्पीकर तेवढेच थांबवून वाजवावे लागतात. ते राहून गेलं तर प्रत्येक स्वर दोनदा येतो. सेकंदाला आठ स्वरांच्या तानेत दोन दाण्यांत 0.125 सेकंद असतो, म्हणजे तान सरळ चिखलात. असं वाटलं तर दहा-बारा पावलं पुढे-मागे सरका. गवयाला दोष देऊ नका.

शाई आणि लोहचुंबक

वर तबल्याचं निघालंच आहे म्हणून. 'मैफलीत सारखे ठोकत बसतात' अशी तक्रार असते. दिव्यांच्या उष्णतेने तारा सैलावतात, तंबोरा उतरतो. दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) ढिली पडते, कोरड्यात ताणली जाते. डिसेंबरच्या उघड्या मांडवात संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ ही दोन वेगळी हवामानं असतात. हातोडी लागणारच.

अडतीस अधिक चाळीस

78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटं मावतात. विलंबित (संथ) एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांचा एक फेरा, मिनिटभराच्या आसपास जाऊ शकतं, म्हणजे तीन-चार आवर्तनांत खेळ खलास. म्हणून त्या काळच्या तबकड्यांवर द्रुत बंदिशी आणि ठुमऱ्या जास्त. त्यावरून कुणाची बढत (रागाचा सावकाश विस्तार) मोजू नये.

या तबकड्यांना सुई 75 मायक्रॉनची लागते. एलपीची (नंतरच्या विनाइल तबकडीची) 25 किंवा त्याहून बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाच्या कचऱ्यात घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. चावीच्या ग्रामोफोनवर दर बाजूला नवी पोलादी सुई, आणि त्यावर एलपी चुकूनही नको. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी, मऊ कापड, उभं ठेवणं, बस.

रात्रीचा प्रहर

1953 साली सुरू झालेला सवाई पूर्वी रात्रभर चालायचा. आता उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातले 15 दिवसपर्यंत सरकार 12ची मुभा देऊ शकतं. म्हणजे उत्तररात्रीचे राग मांडवात ऐकायला मिळणं कठीण. त्यांच्यासाठी बंद सभागृह नाहीतर घर.

मधली रांग

जुन्या खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणं यूट्यूबवर सुरात वर का लागतात, कुणी सांगेल?

शाई आणि लोहचुंबक

टेपचा वेग. 6 टक्के जलद वाजली की अर्धा स्वर चढतो: काळी एकचा (पेटीवरची पट्टी) गवई पांढरी दोनमध्ये जातो आणि आवाज पातळ वाटतो. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) फाइल उघडून तळाची विजेची गुणगुण शोधा. ती 50 हर्ट्झऐवजी 53 वर दिसली तर फाइल 6 टक्के जलद आहे. दुरुस्ती 'चेंज स्पीड अँड पिच'ने करा, नुसत्या 'चेंज पिच'ने नाही, नाहीतर सूर उतरेल पण लय पळतीच राहील. वीजपुरवठाही 50च्या आसपास हलायचा. 1 हर्ट्झ म्हणजे 2 टक्के, अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा. तेवढी चूक धरून चाला. आणि गुणगुण 100वर दिसली तर दचकू नका, ती 50चीच दुप्पट आहे.