मदत हवीये: कॉस्मिक हॉररचं शांत ऑडिओ-वाचन कुणी सुचवेल का?

मंडळी, सध्या रात्री दिवे घालवून कॉस्मिक हॉररच्या, म्हणजे माणसाच्या समजेपलीकडच्या अनोळखी शक्तींची भीती दाखवणाऱ्या, जुन्या गोष्टी ऐकतोय. लव्हक्राफ्टची १९२७ची 'द कलर आउट ऑफ स्पेस' मी आधी वाचायला घेतलेली, पण लांबलचक वाक्यांनी कंटाळून अर्ध्यात सोडली, आणि तीच एका निवेदकाने इतकी संथ वाचली की गोष्टीतल्या उल्केतला कुठल्याच रंगात न बसणारा रंग मला चक्क दिसला, कसा ते विचारू नका. मग ब्लॅकवुडची १९०७ची 'द विलोज'. डॅन्यूब नदीतलं वाळूचं बेट, हवेत घुमणारा तो घंटेसारखा आवाज, तिथे निवेदक नुसता दोन सेकंद थांबला आणि मी हेडफोन काढून खोलीभर बघून घेतलं!

अडचण अशी की बाकी जे सापडतं त्यात मागे ढॅण ढॅण म्युझिक, नाहीतर मशीनचा सपाट आवाज. भीती शब्दांत आहे हो, ढोलात नाही. काटछाट न केलेलं, एकाच माणसाने शांतपणे वाचलेलं कुणी ऐकलंय का? हॉजसनची 'द हाउस ऑन द बॉर्डरलँड' मिळाली तर सोन्याहून पिवळं. मराठीत कुणी असलं वाचत असेल तर तेही सांगा, लिंक टाकाच.