मदत हवी आहे: शेडनेटमध्ये तापमान -15 दाखवून राहिलं

संत्रावाला: शेंदुरजना घाटला संत्र्याची कलमं आहेत. 38 च्या वर गेलं की फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारा) सुरू, असा कोड लिहिला. काल भरदुपारी फॉगर बंद, स्क्रीनवर -15. मे महिन्यात! ड्रायव्हरमध्ये (सेन्सर वाचणाऱ्या कोडमध्ये) काय बदलू? लवकर सांगा, कोवळी पानं करपून राहिली.

काळी_माती: सेन्सर कोणता? केबल किती? कोड कुठं आहे?

संत्रावाला: नेहमीचाच, वॉटरप्रूफवाला.

गजू_वर्धा: डीएचटी22 (हवेचं तापमान अन् दमटपणा मोजणारा सेन्सर) लावा, माझा दोन वर्षं चालू आहे.

जुना_वायरमन: फॉगरच्या धुक्यात डीएचटी? काहून गरिबाचे पैसे बुडवता!

संत्रावाला: डीएस18बी20 सेन्सर, ईएसपी32 या छोट्या कंट्रोलर बोर्डवर. तीन रीडिंगची सरासरी घेतो. काल 41, 41 अन् मधात एक -127 होतं.

काळी_माती: मग -15 बरोबरच आहे, हिशेब करून पाहा. -127 हे तापमान नाही भाऊ. सेन्सरनं उत्तरच दिलं नाही की लायब्ररी (सेन्सर वाचायचा तयार कोड) हा आकडा हातात ठेवते. सरासरीच्या आधीच तो फेका.

जुना_वायरमन: कोडले काय धरून बसले? सेन्सरच्या डेटा अन् प्लस वायरच्या मधात 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आहे का?

संत्रावाला: तो लावावा लागते? केबल 30 मीटर आहे, मोटारीच्या वायरसंगच एका पाइपात.

जुना_वायरमन: घ्या! हे आता सांगून राहिले.

काळी_माती: वायर वेगळी कराच. पण उद्या उंदरानं केबल कुरतडली तर? लागोपाठ पाच रीडिंग चुकली की जुन्या आकड्यावर विसंबू नका. 11 ते 4 फॉगर घड्याळावर चालवा अन् फोनवर मेसेज पाठवा. कलमांना गारव्यापेक्षा ऊन महागात पडते.

गजू_वर्धा: ओलाव्याचा सेन्सर कपॅसिटिव्ह घ्या, दुसरा गंजतो.

संत्रावाला: ओलावा कोणी विचारला बाप्पा? रेझिस्टर लावला, -127 फेकलं. रात्री लाइट आली अन् फॉगर आपोआप सुरू! स्क्रीनवर 85.

काळी_माती: वीज आल्यावर सेन्सरमध्ये आधी 85 च असते. 12 बिटला (सर्वात बारीक मोजणीला) मोजायला 750 मिलिसेकंद लागतात. तेवढं थांबता का?

संत्रावाला: थांबत होतो. स्क्रीन हळू चालते म्हणून ती ओळ काढली.

जुना_वायरमन: 😀