मदत हवी आहे: फ्लोट बदलला तरी फ्लशची टाकी रात्रभर भरतेच आहे

मंडळी, या टाकीने झोप उडवली आहे. कोणी फ्लश केलेलं नसतं, तरी दर वीस-पंचवीस मिनिटांनी ती आपोआप दहा सेकंद 'सूंऽऽ' करून भरते आणि गप्प होते. कमोडच्या आत मागच्या बाजूने पाण्याची बारीक रेघ उतरत असते, पण बोट लावल्यावरच कळते. बाहेर फरशीवर थेंबही नाही.

आत्तापर्यंतचे उद्योग: पाणी भरणारा व्हॉल्व्ह फ्लोटसकट (पाण्यावर तरंगून भरणं थांबवणारा भाग) नवा बसवला. फरक शून्य. मग पातळी कमी केली. पाणी आता ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबतं. तरी तेच. टाकी दोन बटणांची, कमोडवरच बसवलेली. प्लंबर म्हणतो, सगळी टाकीच बदला. बदलू का?

प्रतिसाद १
मुळीच नको. तूर्त रात्री अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा नळ) बंद करून झोपा.

प्रतिसाद २
तुम्ही बदललात तो भाग बहुधा निर्दोष होता. तो बिघडला असता तर पाणी चढत जाऊन ओव्हरफ्लोच्या नळीतून कमोडमध्ये पडत राहिलं असतं आणि आवाज थांबलाच नसता. तुमचा आवाज थांबून थांबून येतोय, म्हणजे पाणी खालून झिरपतंय. पातळी उतरली की फ्लोट बिचारा आपलं काम करतो. माझा संशय मधल्या फ्लश व्हॉल्व्हच्या (बटण दाबल्यावर कमोडमध्ये पाणी सोडतो तो) बुडाशी असलेल्या रबरी वॉशरवर.

आधी खात्री करा. टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला, तर चोर सापडला.

मग अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा. झाकण जोराने ओढू नका, बऱ्याच टाक्यांत आधी बटण फिरवून काढावं लागतं. मधलं नळकांडं, म्हणजे तो फ्लश व्हॉल्व्ह, बहुतेक वेळा डावीकडे पाव वळसा दिला की सुटतं. वॉशर फुगला किंवा चिरला असेल तर नवा आणा, पण जुना सोबत न्या. नजरेला सारखे दिसणारे वॉशर हमखास बसत नाहीत. नुसते क्षार असतील तर व्हिनेगर लावून पुसा. ज्या कडेवर वॉशर टेकतो तीही पुसा, हे सगळेच विसरतात. पॉलिश पेपर मात्र नको, चरा पडला की गळती कायमची.

टाकीत क्लोरीनच्या वड्या टाकता का? त्या रबर खातात.

धागाकर्ता
दहा मिनिटांत कमोड गुलाबी! वड्या टाकायचो, कबूल. वॉशर चिरलेला नव्हता, पण कडेवर क्षारांचा खरखरीत थर होता. तो काढला. वॉशर दोन्ही बाजूंनी सपाट होता म्हणून उलटा करून बसवला. काल रात्रभर टाकी एकदाही भरली नाही.

नवीन भानगड: आता छोटं बटण दाबलं तरी सगळी टाकी रिकामी होते.

प्रतिसाद २
झाकण लावताना बटणांखालच्या काड्या अदलाबदल झाल्या असतील. बटण अर्धा वळसा फिरवून बसवून बघा. आणि उलटा केलेला वॉशर फार दिवस टिकणार नाही, नवा आणून ठेवा.

धागाकर्ता
काड्याच होत्या. वॉशर उद्या आणतो.